मुलगा रात्र-रात्र गेम खेळतो. फोन काढून घेऊन झालं, आता काय?

पाचपाखाडीकर

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदा बसले. मोठं होईल, सांभाळून घ्या.

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. मी, मिस्टर, सासूबाई आणि मुलगा. मुलगा १६ वर्षांचा, अकरावी सायन्सला. दहावीला ९१ टक्के पडले होते. बिल्डिंगभर पेढे वाटले. आणि आता फिजिक्सच्या चाचणीत ५० पैकी ७.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्री दोनला पाण्याच्या आवाजाने जाग आली. बाथरूमचा नळ बारीक सोडलेला, बादली भरून वाहत होती. आत दिवा नाही. दार वाजवलं तर "पोट बिघडलंय" म्हणाला. मी दाराशीच थांबले, तर खालच्या फटीतून निळसर उजेड हलताना दिसला. गेमचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून त्याने नळ सोडून ठेवला होता. बाहेर आला तेव्हा पायाचे तळवे पांढरे पडून सुरकुतले होते, इतका वेळ तो ओल्या फरशीवर बसला होता. मी ओरडले नाही, तेवढं त्राणच उरलं नव्हतं. लहान असताना पुसायचे तसे टॉवेलने पाय पुसले त्याचे. तो मान खाली घालून उभा राहिला.

फोन काढून घेतला, तर सासूबाईंचा फोन उशीखाली सापडला. रात्री वायफाय बंद केलं, तर मित्राकडून सिमकार्ड आणलं. मिस्टरांनी एकदा हात उगारला, तर त्याने त्यांना ढकललं आणि दोन दिवस जेवला नाही. माझ्या खात्यातून गेममधले कपडे आणि बंदुकांचे रंग घ्यायला ४,३०० रुपये गेले, ते मला पासबुक भरताना कळलं. कॉलेजातून हजेरीचं पत्र आलं आहे.

याला व्यसन म्हणायचं की वय? डॉक्टरकडे न्यायचं तर कोणत्या? ज्यांच्या घरात हे झालं आहे त्यांनी कृपया लिहा. नातेवाईकांत बोलायची सोय नाही, लगेच "तुम्ही दोघं नोकरीवर, घरी लक्ष कुणाचं" सुरू होतं.


जुना ठाणेकर

ताई, वाचून वाईट वाटलं. मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. फोन घरातून बाहेर काढा. साधा बटणांचा द्या. माझा नातू असाच हट्टाला पेटला होता, आठ दिवस आकांत केला आणि नवव्या दिवशी खाली सायकल घेऊन गेला. मुलांच्या रडण्याला आपण घाबरतो, तिथेच चुकतं.


ऐरोलीचा वारा

काका, तुमचा नातू किती वर्षांचा? दहा-बाराचा असेल तर जमतं. सोळाव्या वर्षी नाही जमत. मी तोच मुलगा होतो, म्हणून लिहितो.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला लॉकडाऊन लागला आणि मी खोलीत शिरलो तो जवळपास दीड वर्ष बाहेर आलो नाही. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जी बंद केला तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली होती. आठवड्याभरात आमची सगळी टीम दुसऱ्या गेमवर खेळत होती. खेळ बंद झाला म्हणून खेळणारा थांबत नाही.

ताई, आईवडिलांना हे गेम आतून माहीत नसतात, म्हणून थोडं सांगतो. चार जणांच्या टीमचा गेम मधेच थांबवता येत नाही. तिथे पॉज नावाचं बटणच नाही. एक डाव २५-३० मिनिटं चालतो. तुम्ही "जेवायला ये" म्हणता तेव्हा शेवटची पाच मिनिटं चालू असतात, तो उठला तर बाकीचे तिघं मरतात आणि त्याला शिव्या घालतात. तुम्हाला वाटतं पोरगं ऐकत नाही. त्याला वाटतं घरचे माझं नाक कापतात. म्हणून वेळ मिनिटांत ठरवू नका, डावात ठरवा. "नऊ वाजेपर्यंत" यावर भांडण होतं. "दोन डाव" म्हटलं की ते त्याच्या भाषेत होतं.

दुसरं म्हणजे रँक. दोन-तीन महिने घासून वर चढायचं, आणि सीझन संपला की गेम तुम्हाला खाली आणून ठेवतो, पुन्हा चढा. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटते. पैसे देऊन उघडायच्या पेटीत काय निघेल ते माहीत नसतं. दहा वेळा फालतू निघतं, अकराव्या वेळी झगमगतं काहीतरी. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग वाचा. दाणा दर वेळी मिळाला तर कबुतर पोट भरलं की थांबतं. कधी मिळतो, कधी नाही, असं असलं की ते बटणावर चोच मारतच राहतं. ४,३०० रुपये त्याच बटणात गेले. तुमचा मुलगा वाईट नाही. समोर शिकलेली माणसं बसली आहेत, त्याने उठू नये म्हणून.

मी कसा सुटलो तेही लिहितो. दिवा कोळीवाड्यात मामाची होडी आहे. त्यांच्याकडे जाळं ओढायला एक माणूस कमी पडला. मामाने मला व्याख्यान दिलं नाही, एवढंच म्हणाले, "पहाटे भरती बघून निघायचं, येशील काय?" भरतीची वेळ रोज पुढे सरकते आणि कुणासाठी थांबत नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा उशीर केला, मामा निघून गेले. जेट्टीवर एकटा उभा राहिलो, चिखलाच्या वासात, आणि खूप दिवसांनी मला कशाची तरी लाज वाटली. तिथून हळूहळू. एका दिवसात सुटलो असं सांगणारा खोटं बोलतो.


वाशीचा वैद्य

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, वाशीत प्रॅक्टिस करतो. न तपासता निदान करणार नाही, पण ताईंच्या "व्यसन की वय" या प्रश्नावर लिहिता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर'चा (गेम खेळण्याच्या विकाराचा) समावेश झाला. ती यादी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात किती तास खेळतो याचा आकडा कुठेच नाही, आणि पालक पहिला प्रश्न तासांचाच विचारतात. बघायचं ते असं: खेळणं कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं हे त्याच्या हातात राहिलं आहे का? जेवण, झोप, मित्र, अभ्यास या सगळ्यांच्या पुढे खेळ जाऊन बसला आहे का? आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही तो खेळतोच आहे, किंवा जास्त खेळतो आहे का? हे साधारण १२ महिने चालू असेल आणि त्याने घर, शिक्षण, नाती विस्कटली असतील, तर तो आजार. त्रास फार असेल तर १२ महिने थांबायचीही गरज नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानाच्या पुस्तकात ९ लक्षणं दिली आहेत, त्यातली ५ असली तर विचार करा म्हणतात. पण त्यांनी ते अजून 'अधिक अभ्यास हवा' या भागातच ठेवलं आहे. तज्ज्ञांतही यावर मतभेद आहेत. रोज तीन तास खेळून वेळेवर झोपणारा, हसणारा मुलगा आजारी नव्हे. पुष्कळ मुलं खेळतात, त्यातली थोडीच या टोकाला जातात.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांत गेमच्या मागे बरेचदा दुसरं काहीतरी सापडतं. नैराश्य, चारचौघांत बोलायची भीती, लक्ष एकाग्र न होण्याचा त्रास, वर्गातली छळवणूक. मूल गेमकडे धावतं आहे की कशापासून तरी पळतं आहे, हे आधी बघावं लागतं. दुसरी बाब असेल तर फोन काढून घेणं म्हणजे बुडणाऱ्याच्या हातातला ओंडका काढणं.

जुना ठाणेकर काकांना नम्रपणे सांगतो, संपूर्ण देशाने हे करून पाहिलं आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये कायदा केला, १६ वर्षांखालच्या मुलांना रात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद. मुलं आईवडिलांच्या ओळखक्रमांकाने खेळायला लागली. २०२१ मध्ये त्यांनी तो कायदा मागे घ्यायचं ठरवलं.

ताई, आज काय करायचं तर झोपेपासून सुरुवात करा. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. झोपायची वेळ लादता येत नाही, उठायची ठरवता येते. रविवारसुद्धा तीच वेळ. रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, तुमचे दोघांचेही. पैशांची सगळी ॲप लॉक करा. या विकारावर खास अशी गोळी नाही. मुलाशी आणि घरच्यांशी बोलून, सवयीमागचे विचार आणि वेळापत्रक बदलत उपचार करतात. सोबत नैराश्य वगैरे असेल तर त्याचं औषध वेगळं.

एक गोष्ट अगदी गंभीरपणे. फोन घेतल्यावर मूल "जीव देईन" म्हणालं तर ते नाटक समजू नका. त्या क्षणी वाद थांबवा, त्याला एकटं सोडू नका, आणि मदत घ्या. टेली-मानस ही सरकारची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था नौपाड्यात आहे, म्हणजे तुमच्या घराजवळच. प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडीही आहे. नावाला घाबरू नका, तिथे ओपीडीत रोज साधी घरातली माणसं येतात.


खारघरहून

मुलांवर बोलणं चाललंय, मी नवऱ्याचं लिहू का? ३९ वर्षांचा माणूस, चांगली नोकरी. रमी. आधी फावल्या वेळात, मग लोकलमध्ये, मग रात्री. सोसायटीच्या मेंटेनन्सचे पैसे गेले, मग माझ्या पाटल्या गहाण. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा झाला तेव्हा मी एकटी बसून रडले. आनंदाने की उशीर झाला म्हणून, ते कळत नव्हतं. आता खेळत नाही. हप्ते अजून आहेत.


वाशीचा वैद्य

खारघरहून ताई, तुमच्या घरी झालं तो जुगाराचा विकार. त्याचं निदान वेगळं, आणि उपचारात कर्जाचाही विचार करावा लागतो. ते खेळत नाहीत तरी एकदा दाखवून घ्या, हुरहुर बराच काळ टिकते. तुमच्यासाठीही बोलायला कुणीतरी हवं आहे.


घोडबंदरची मावशी

आमच्या कॉम्प्लेक्सच्या पोडियमवर पाटी आहे, "येथे चेंडूने खेळण्यास सक्त मनाई". बागेत "हिरवळीवर चालू नये". मागच्या मोकळ्या प्लॉटवर टॉवर उभा राहिला. टर्फ आहे, तासाला हजाराच्या वर, दहा पोरांनी वर्गणी काढली तर कुठे एक तास. संध्याकाळी मुलं जिन्यात रांगेने बसून फोनवर खेळतात, आणि आम्ही वरून ओरडतो की मैदानात जा. कुठल्या मैदानात? मी हा विषय सोसायटीच्या सभेत दोनदा मांडला. "काचा फुटतात" म्हणून बसवलं मला. पुन्हा मांडणार आहे.


कळव्याच्या बाई

पाचपाखाडीकर, मी माध्यमिक शाळेत २२ वर्षं शिकवते. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मला टोचतंय, दहावीला ९१ आणि आता ५० पैकी ७. मुलगा मराठी माध्यमाचा का? सेमी की पूर्ण मराठी?


पाचपाखाडीकर

पूर्ण मराठी, बाई. आम्ही हट्टाने घातलं होतं.


कळव्याच्या बाई

मग आधी त्याला विचारा की अकरावीच्या वर्गात त्याला काय कळतं. माझी किती हुशार मुलं या एका वर्षात बसलीत. दहा वर्षं 'त्वरण' आणि 'संवेग' म्हणत आलेलं मूल वर्गात जातं, तिथे सर 'ॲक्सिलरेशन', 'मोमेंटम' म्हणत फळा भरून पुढे गेलेले असतात. येत असतं त्याला, पण ते आपल्याला येतंय हेच कळत नाही. विचारायचं तर इंग्रजीत विचारायला हवं असं वाटतं, मग हात वर होत नाही. दोन महिन्यांत तो स्वतःला ढ समजायला लागतो. मराठी माध्यम चुकलं असं अजिबात म्हणत नाही मी. पूल बांधून द्यायला हवा, तो कुणी देत नाही.


पाचपाखाडीकर

बाईंचा प्रतिसाद परवा वाचला आणि लगेच काही लिहिता आलं नाही.

काल रात्री मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, एक डाव मला बघू दे. त्याला वाटलं फोन घ्यायला आले. मग खेळला. मंडळी, मी माझ्या मुलाचा तो आवाज सात महिन्यांत ऐकला नव्हता. "तू डावीकडून ये, घाई नको, मी झाकतो तुला. जळगाव, तुझ्याकडे पट्टी आहे ना, साताऱ्याला दे." टीममधल्या मुलांना तो गावाच्या नावाने हाक मारतो. सगळे त्याचं ऐकतात. नकाशा त्याला तोंडपाठ आहे, खेळायच्या जागेचं वर्तुळ कुठे आकसणार याचा अंदाज बांधतो, कुणाकडे किती गोळ्या उरल्यात ते लक्षात ठेवतो. डाव हरले. साताऱ्याचा मुलगा चिडला, तर हा म्हणतो, "चूक माझी, मी उशिरा सांगितलं." हाच मुलगा घरात "हं" आणि "नाही" एवढंच बोलतो.

डाव संपल्यावर विचारलं, वर्गात कुठे बसतोस रे? म्हणाला, शेवटून दुसऱ्या बाकावर, खांबामागे. "तिथे सरांचं लक्ष जात नाही." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आई, मला आधी सगळं यायचं."

जळगावच्या मुलाला तो लायक वाटतो. घरात आम्ही सात महिने त्याला फक्त फोन ठेव म्हटलं.


जुना ठाणेकर

हे वाचून मी माझा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचला. शिस्त हवी, यावर मी आहेच. पण खांबामागचं बाक आधी बघायला हवं होतं, हे मान्य. मी महावितरणमधून निवृत्त झालो, फिजिक्स चांगलं आहे, मराठीतून शिकलो आहे. गोखले रोडजवळ राहतो. मुलाची इच्छा असेल तर संध्याकाळी पाठवा. पैशांचा विषय काढायचा नाही.


ऐरोलीचा वारा

काका, मानलं तुम्हाला.


पाचपाखाडीकर

दोन महिने झाले, काही जणांनी विचारलं म्हणून कळवते.

समुपदेशनाच्या सहा भेटी झाल्या. पहिल्या भेटीला तो आलाच नाही, आम्ही दोघंच गेलो. तिथल्या ताईंनी तीच भेट कामाला लावली. मिस्टरांना कळलं की आपण मुलाशी फक्त मार्कांवर आणि फोनवर बोलतो. दुसऱ्या भेटीला मुलगा आला, का आला ते मी विचारलं नाही. सौम्य नैराश्य आहे असं डॉक्टर म्हणाले, सध्या गोळी नको म्हणाले, लक्ष ठेवून आहेत.

घरातला नियम त्याने आणि आम्ही मिळून लिहिला. शाळा-कॉलेजच्या दिवशी दोन डाव, शनिवारी चार. साडेदहाला सगळे फोन फ्रिजवर. पहिल्या आठवड्यात मलाच हात शिवशिवायचा, हे मी कबूल करते, रात्री रील बघायची सवय मलाही होती. ४,३०० रुपये तो घरातली कामं करून फेडतो आहे, आजीला बँकेत नेणं, किराणा आणणं. हिशोब कॅलेंडरवर लिहितो.

सगळं गोड चाललंय असं नाही. गेममध्ये नवा सीझन सुरू झाला त्या आठवड्यात तो एका रात्री तीनपर्यंत खेळला, फ्रिजवरचा फोन उतरवून. सकाळी स्वतः सांगितलं. मिस्टरांचा पारा चढला होता, पण ते खाली जाऊन चहा पिऊन आले आणि मग बोलले. बारावी त्याची अवघड जाणार आहे, हे आम्हाला दिसतंय. अकरावी पास झाला, फिजिक्सला काठावर.

काकांकडे आठवड्यातून चार दिवस जातो. पहिल्या दिवशी काकांनी त्याला गेममध्ये गोळी किती लांब गेल्यावर खाली पडते ते विचारलं आणि तिथून प्रक्षेप्य गती काढली. आल्यावर जेवताना मला समजावत होता. मला निम्मं कळलं नाही, मी पोळ्या वाढत राहिले.


नेरूळची आई

माझी मुलगी या जूनमध्ये अकरावीला जाईल, पूर्ण मराठी माध्यम. तुमच्या मुलाने मराठी आणि इंग्रजी शब्दांची काही यादी केली असेल तर इथे टाकाल का? आम्ही सुट्टीतच सुरुवात करू.


पाचपाखाडीकर

केली आहे, काकांनी शंभर पानी वहीच करायला लावली. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, खाली एका ओळीत अर्थ. फिजिक्सचे चार धडे झालेत. मी आत्ताच पानांचे फोटो काढायला गेले तर त्याने वही काढून घेतली, म्हणाला, स्पेलिंग आधी तपासू दे. रविवारी टाकते.